इहिरीचं पानी

वाक्य अगदी साधं आहे. ‘विहिरीचं पाणी आटलं होतं.’ तिसरीतली एक मुलगी टॅबसमोर बसून, डोक्यावरून घसरणारा हेडफोन सावरत ते वाचते. ‘इहिरीचं पानी आटलं व्हतं.’ एका दमात, सुरात, शेवटी आवाज किंचित खाली आणून. आटलेल्या विहिरीबद्दल सांगताना कुणाचाही आवाज जसा आपोआप उतरतो, तसा. पडद्यावर चारपैकी तीन शब्द लाल होतात. ती पुन्हा वाचते, जरा मोठ्यानं. पुन्हा तीन लाल. तिसऱ्या खेपेला ती वाक्य सोडून देते आणि अक्षरं धरते. वि-हि-री-चं. पा-णी. प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर, पाढे म्हणताना लागतो तसला सपाट आवाज. शब्द एकेक करून हिरवे होतात, वर एक चांदणी चमकते. मागे उभ्या असलेल्या बाई विचारतात, ‘काय आटलं गं?’ मुलगी पडद्याकडे बघते. उत्तर तिथेच कुठेतरी लिहिलेलं असणार, अशा नजरेनं.

चारपैकी एक, चारपैकी एक, चारपैकी चार. यंत्राच्या वहीत ही प्रगती.

हे खटकत राहतं ते यंत्र चुकलं म्हणून नव्हे. त्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं चोख केलं. मूल वाचत असताना ऐकणाऱ्या अशा साधनांचं काम वरून दिसतं तितकं गूढ नसतं. उतारा त्यांना आधीच ठाऊक असतो. मुलाचा आवाज बारीक बारीक तुकड्यांत मोडायचा, प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीशी जुळतो ते पाहायचं आणि उताऱ्यातल्या शब्दापाशी तो ध्वनी पुरेसा जुळला की शब्द हिरवा करायचा. सगळी मेख त्या ‘पुरेसा’मध्ये आहे. जुळणीची रेघ वर ठेवली तर ‘पानी’ नापास होतं. खाली आणली तर ‘पाणी’च्या जागी ‘पाने’ वाचलेलंही खपून जातं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी जागा नसते. एक कमी केली की दुसरी वाढते. काही साधनं उलट्या वाटेनं जातात. मूल काय बोललं ते आधी मोकळेपणानं लिहून काढतात आणि मग उताऱ्याशी ताडून बघतात. तिथे अडचण वेगळी. लिहून काढणारं मॉडेल, म्हणजे भरपूर नमुने दाखवून शिकवलेला प्रोग्राम, भाषा शिकलेलं असतं, त्यामुळे कानावर पडलेलं अर्धवट असलं की ते शोभेल तो शब्द लिहून मोकळं होतं. मुलानं ‘मासा पळाले’ वाचलं आणि यंत्रानं ‘मासे पळाले’ लिहिलं, की नेमकी जी चूक बाईंना कळायला हवी होती तीच पुसली जाते. काही मॉडेलं तर नुसत्या शांततेतही शब्द लिहितात. मूल गप्प बसलेलं असतं आणि पडद्यावर वाक्य उमटतं.

मग रेघ कुठे ठेवायची? माझं मत विचाराल तर खाली. चूक निसटली तर ती पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसते, वाचनातल्या चुका अशा एका दिवसात पळून जात नाहीत. पण बरोबर वाचलेला शब्द लाल झाला तर आठ वर्षांचं मूल यंत्राशी भांडत नाही. ते स्वतःवर संशय घेतं.

मुलांचं वाचन ऐकणारं यंत्र ही काही काल-परवाची कल्पना नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘प्रोजेक्ट लिसन’ नावाचं काम याच विषयावर चाललं होतं. गूगलनं २०१९ मध्ये ‘बोलो’ हे मुलांचं वाचन ऐकणारं अॅप आणलं, पुढे त्याचं ‘रीड अलाँग’ झालं आणि त्यात मराठीही आली. साधनं बदलली, ओळखण्याची पद्धत पार बदलली, पण मुलाचा आवाज तोच राहिला आणि तो यंत्राला अवघडच जातो. मोठ्या पुरुषाची स्वरनलिका, म्हणजे घशापासून ओठांपर्यंतची पोकळी, साधारण १७ सेंटिमीटर लांब, सात-आठ वर्षांच्या मुलाची त्याहून कितीतरी आखूड. पुरुषाचा आवाज १२० हर्ट्झच्या आसपास, मुलांचा २५०च्याही पुढे. मोठ्यांच्या बोलण्यावर वाढलेल्या मॉडेलला मुलाचे स्वर भलत्याच ठिकाणी सापडतात. त्यात या वयाची आणखी एक गंमत, पुढचे दात. दोन दात पडलेल्या मुलाचा ‘स’ शिटीसारखा वाजतो, ‘त’ फुसका निघतो. अशा मुलाचा ‘सात’ लाल झाला, तर त्याला शब्द येत नाही असं समजायचं, की दात यायची वाट बघायची?

यातली निम्मी दुखणी मात्र मॉडेलची नसतातच, बसण्याच्या व्यवस्थेची असतात. टॅबचा स्वतःचा माइक वर्गात जवळपास निरुपयोगी. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो आणि वर्गाचा गलका होता तेवढाच राहतो. वायरचा, दांडीवर माइक असलेला हेडफोन घ्यावा. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर त्याच्यावर आपटते आणि नेमके तेच शब्द बिघडतात. सुरुवातीला १० सेकंद ध्वनिमुद्रण करून बाईंनी स्वतः ऐकावं. त्यांना जे कळत नाही ते यंत्रालाही कळणार नाही. आणि शेजारी बसलेल्या दोन मुलांना एकच उतारा कधीही देऊ नये. एक जण अडतो, शेजारचा तोच शब्द खणखणीत म्हणतो आणि अडलेल्याचा शब्द हिरवा होतो. यंत्राच्या दृष्टीनं अपेक्षित शब्द आला. कुणाच्या तोंडून आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उतारे वेगवेगळे असले की शेजारचा आवाज अपेक्षित शब्दांशी जुळत नाही आणि ही भानगड बरीचशी मिटते.

आता त्या तीन लाल शब्दांकडे परत येऊ, कारण खरं नुकसान पडद्यावर नाही, हिशेबात होतं. प्रकट वाचनाची नोंद ठेवायची एक जुनी, कागद-पेन्सिलीची पद्धत आहे. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी ती रुळवली. मूल वाचत असताना शिक्षक बरोबर शब्दाला टिक करतो, बदललेला शब्द वर लिहितो, गाळलेल्याला आडवी रेघ मारतो. मुलानं चुकून लगेच स्वतःच सुधारलं तर ती चूक धरायची नाही. पुन्हा वाचलं तर तीही नाही. घरच्या बोलीतला उच्चार ही चूक नाहीच. शिक्षकाला शब्द सांगावा लागला तर मात्र ती चूक. मग टक्के काढायचे. ९५ किंवा त्याहून जास्त असतील तर उतारा मुलाला सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवायला अगदी योग्य, ९०च्या खाली म्हणजे अजून झेपत नाही. समजा उतारा ८० शब्दांचा आहे आणि यंत्रानं १४ चुका दाखवल्या. ६६ बरोबर, म्हणजे ८२.५ टक्के. यंत्र पुढच्या वेळी सोपा उतारा देणार. पण त्या १४ मधले ९ ‘पानी’, ‘व्हतं’, ‘इहीर’ या जातीचे असतील तर खऱ्या चुका ५ आणि टक्के ९३.७५. मुलगी योग्य पायरीवरच होती. तिला खाली ढकललं ते नऊ उच्चारांनी. आणि पातळी आपोआप ठरवणाऱ्या साधनात हे एकदा होऊन थांबत नाही. सोप्या उताऱ्यातही ‘पाणी’ येतंच, ‘होतं’ तर प्रत्येक पानावर. महिनाभरानं ती ससा-कासवाच्या पायरीवर बसलेली असते आणि तक्त्यात तिच्या नावापुढे ‘संथ’ असा शेरा असतो.

म्हणून गुणांच्या पानाऐवजी शब्दांचं पान उघडायला हवं. बहुतेक साधनांत कुठेतरी आत ते असतं. कोणता शब्द लाल झाला, मूल काय बोललं, आवाजाची फीत. लाल शब्दांची यादी घेऊन प्रत्येकापुढे बाईंनी एक अक्षर लिहावं. बोलीसाठी ‘बो’, दातांसाठी ‘दा’, गलक्यासाठी ‘ग’, खऱ्या चुकीसाठी ‘चू’. पाच मिनिटांचं काम आहे. ‘चू’ उरतात त्यांतच शिकवायचं काय ते सापडतं. ते बहुधा एका ठिकाणी गोळा झालेलं असतं. एखाद्याचे सगळे रफार चुकतात, ‘सूर्य’चं ‘सूय’, ‘वर्ग’चं ‘वग’. एखाद्याची ऱ्हस्व वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते, कारण ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. एखादा शब्दाचं पहिलं अक्षर वाचतो आणि उरलेला शब्द अंदाजानं पुरा करतो. टक्केवारी यातलं काहीच सांगत नाही.

वेगाचंही तसंच आहे. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले हे माप इंग्रजीसाठी घडलेलं. मराठीत ते जसंच्या तसं लावलं की विचित्र घोळ होतो. ‘तो घरी आला’ हे तीन शब्द, अक्षरं पाच. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द, अक्षरं नऊ, त्यात दोन जोडाक्षरं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे थोड्या वरच्या पातळीचा उतारा आला की शब्द लांब होतात आणि त्याच मुलाचा वेग एकदम घसरल्यासारखा दिसतो. वेग मोजायचाच असेल तर शब्दांऐवजी अक्षरं मोजावीत आणि एका मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करावी. शिवाय पडद्यावरचं घड्याळ बंद ठेवावं. घड्याळ दिसलं की मुलं पूर्णविराम खातात.

आणि थांबण्याबद्दल.

मूल एखाद्या शब्दापाशी थांबतं तेव्हा बाहेरून काहीच घडत नसतं. आत मात्र पुष्कळ चाललेलं असतं. ओठ हलतात, बोट अक्षराखाली जातं, ‘स्व... स्वच्...’ असं काहीतरी पुटपुटणं ऐकू येतं. साधन किती वेळ वाट बघून शब्द सांगून टाकतं, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि तो सेटिंग्जच्या तळाशी दडलेला असतो. इंग्रजी वाचनचाचण्यांत तीन सेकंद थांबून शब्द सांगण्याची रीत आहे. जोडाक्षरांच्या शब्दाला तीन सेकंद अपुरे पडतात. ‘स्वच्छ’ फोडून पुन्हा जोडायला मुलाला पाच तरी लागतात. दीड-दोन सेकंदांत बोलून टाकणारं यंत्र मुलाच्या तोंडातला घास काढून घेतं. वर क्ले यांच्या हिशेबात सांगितलेला शब्द चूक म्हणून धरला जातो, म्हणजे यंत्रानं घाई करायची आणि चूक मुलाच्या खाती. हुशार मुलं तर हे फार लवकर ओळखतात. अवघड शब्द आला की गप्प बसायचं, टॅब सांगतोच.

चॅटजीपीटीसारख्या, प्रश्नाला उत्तर देणाऱ्या ‘बोलणाऱ्या’ मॉडेलांकडून गोष्टी लिहून घेण्याचा प्रकार आता सगळीकडे चालू झाला आहे आणि तो खरंच उपयोगाचा आहे, कारण नवशिक्या वाचकाला लागतात तेवढे सोपे उतारे कुठल्याच पुस्तकात पुरत नाहीत. एका मुलाला साधी अक्षरं आणि काना-मात्रा-वेलांट्या येतात, जोडाक्षरं अजून येत नाहीत. त्याला रोज नवं काहीतरी वाचायला हवं. मॉडेलला सांगायचं : ६० शब्द, एका वाक्यात चार ते सहा, जोडाक्षर नको. उत्तर छान येतं आणि तिसऱ्याच वाक्यात ‘म्हणाला’ येतो. मग ‘त्याने’. मग ‘होत्या’. मॉडेलला अक्षरं दिसत नाहीत, मजकुराचे तुकडे दिसतात. ‘म्हणाला’त जोडाक्षर आहे हे त्याला आपल्यासारखं डोळ्यानं कळत नाही. आणि खरी पंचाईत मराठीचीच आहे. आपले सगळ्यात रोजचे शब्द जोडाक्षरांनी भरलेले आहेत. आम्ही, तुम्ही, नव्हता, च्या, म्हणून. म्हणून मॉडेलला नुसतं ‘जोडाक्षर नको’ न सांगता बदली शब्द द्यावे लागतात : ‘म्हणाला’ऐवजी ‘बोलला’, ‘त्याने’ऐवजी नाव, संवाद थोडे, वर्तमानकाळ जास्त. तपासणी डोळ्यांवर सोडू नये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, प्रत्येक जोडाक्षराच्या पोटात पाय मोडल्याची एक खूण असते. रफार असो, ‘क्ष’ असो, ‘ज्ञ’ असो, ‘दुसऱ्या’तला ऱ्या असो, ती एकच खूण शोधली की सगळे चोर सापडतात. दोन-तीन ओळींचा प्रोग्राम हे करतो आणि तो प्रोग्राम मॉडेलच लिहून देतं. गोष्ट नीट लिहिता आली नाही तरी आपली चूक पकडायचं साधन ते चोख बनवतं, हा त्याचा स्वभाव मजेशीर आहे.

भाषा मात्र माणसानंच वाचायला हवी. ‘पक्षीला दाणे दिले’, ‘ती झाड उंच होती’, ‘तो खूप खुश झाला’. सामान्यरूप गळतं, नपुंसकलिंग हरवतं, हिंदी अलगद आत येते. वाचायला शिकणारं मूल छापलेलं प्रमाण मानतं, त्यामुळे हे किरकोळ नाही. आणि गोष्टी किती गोड! प्रत्येकीत एक छोटी खार, प्रत्येकीत मैत्री, प्रत्येकीच्या शेवटी सगळे मिळून राहू लागतात. कुणी कुणावर रुसत नाही, कुणाचं काही कायमचं हरवत नाही. ‘शेवटच्या दोन ओळी काढून टाक’ असं सांगितलं तर गोष्ट बहुतेक वेळा सुधारते.

प्रश्नांचीही एक परीक्षा आहे. मॉडेलनं उताऱ्यावर काढलेले पाच प्रश्न उतारा न वाचलेल्या मुलाला विचारायचे. तो ज्यांची उत्तरं बरोबर देतो ते फेकून द्यायचे. ‘विहीर आटल्यावर लोकांना काय कमी पडलं?’ याला वाचावं लागत नाही. ‘दोर किती हात कमी पडला?’ याला लागतं. ‘म्हातारी विहिरीपाशी रोज का जात राहिली?’ याला वाचून विचारही करावा लागतो. अशा प्रश्नाचं उत्तर मात्र मुलानं माणसाला सांगावं. बोलणाऱ्या मॉडेलाला मुलाच्या हाती एकटं सोडण्याचं कारणही नाही. युनेस्कोनं २०२३च्या मार्गदर्शिकेत अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलं आहे आणि आपण बोलतोय ते आठ वर्षांच्यांबद्दल. मॉडेल बाईंच्या टेबलावर, उतारा मुलाच्या हातात. आवाजाच्या फितीही नावानं नाही, क्रमांकानं ठेवाव्यात आणि नोंद झाली की पुसून टाकाव्यात. मुलाचा आवाज ही त्याच्या चेहऱ्याइतकीच ओळखीची वस्तू आहे.

इतकं सगळं सांभाळायचं तर यंत्र हवंच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर साध्या गुणाकारात आहे. ४० मुलांचा वर्ग, एकेकाला पाच मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. तीन तास वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ उरलेली ३९ काय करणार? म्हणून बहुतेक वर्गांत प्रकट वाचन पुढच्या बाकांवरच संपतं आणि मागची मुलं महिनोन्‌महिने कुणालाच वाचून दाखवत नाहीत. यंत्र ऐकतं हे पुष्कळ आहे. पाच टॅब असतील तर पाच-पाच जणांच्या गटाला दहा मिनिटं आळीपाळीनं देता येतात आणि प्रत्येकाचा आवाज साठतो. बाईंनी रोज फक्त पाच मुलांच्या फितीतलं एकेक मिनिट ऐकायचं, डोळे मिटून, गुण झाकून. आठ दिवसांत चाळीस मुलं होतात. वर्गात उभं राहून ऐकताना निसटणारं बरंच काही या मिनिटांत सापडतं. श्वास कुठे घेतला, कुठे हसू आलं, कोणत्या ओळीला आवाज बारीक झाला.

त्या मुलीच्या फितीत, तिन्ही वाचनं झाल्यावर, यंत्रानं न मोजलेले काही सेकंद असतात. चांदणीचा टुणकन आवाज येऊन गेलेला असतो. पडदा पुढच्या पानावर जायचा असतो आणि माइक अजून चालू असतो. ती शेजारणीला विचारते, ‘मग दुसरी इहीर खनली का त्यांनी?’